बोटांचा हिशेब आणि यंत्राचा मालक

पुणे-लोणावळा लोहमार्गावर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामध्ये घोरावाडी हे लहानसे स्थानक आहे. लोकलने कामावर जाणाऱ्यांचा हा सारा टापू. एका बाजूस पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूस तळेगाव आणि पलीकडे चाकण. याच तळेगावात 1908 साली लोकांच्या पैसा-पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. आज या पट्ट्याची ओळख मोटारींच्या सुट्या भागांची आहे. हे भाग बनतात ते पत्रा कापणाऱ्या आणि दाबणाऱ्या प्रेसवर, आणि कामगारांची बोटे जातात तीही बहुधा याच प्रेसवर.

प्रेसचा अपघात हा क्वचितच नशिबाचा खेळ असतो. क्लचची चावी झिजली की पेडल एकदा दाबले तरी प्रेस दोनदा खाली येतो. पहिल्या ठोक्यानंतर जॉब काढायला गेलेला हात दुसऱ्यात सापडतो. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याखेरीज यंत्र चालू नये, ही योजना जुनी आणि स्वस्त आहे. हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सरही दुर्मिळ नाही. पण गार्डमुळे कामाचा वेग मंदावतो आणि ठरलेला आकडा तर पुरा व्हायलाच हवा. मग गार्ड कोपऱ्यात जातो, आणि अपघातानंतर तो कामगारानेच काढला असे सांगितले जाते.

भरपाईची मागणी या राज्याला नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली मुंबईत भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांतून जे निवेदन निघाले, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार यांबरोबरच त्यात आणखी एक मागणी होती : कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या उपजीविकेची तजवीज व्हावी. कामगार नुकसानभरपाईचा कायदा व्हायला त्यानंतर 1923 साल उजाडले.

त्या कायद्याचे मोठेपण असे की, मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे त्याने कामगाराच्या डोक्यावरून उतरवले. काम करताना इजा झाली, एवढे पुरे. एका हाताची तीन बोटे गेली तर कमाईची शक्ती 30 टक्क्यांनी घटली, असे त्याचे परिशिष्ट सांगे. भरपाईसाठी धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा 2020 मध्ये 15,000 रुपये झाली. त्या हिशेबाने तिशीतल्या कामगाराला तीन बोटांचे सुमारे साडेपाच लाख रुपये येत. परिशिष्टातला आकडाही अखेरचा शब्द नव्हे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच ठरवले की, सुतारकाम एका हाताने होत नसल्याने त्याची हानी शंभर टक्के मानली पाहिजे.

मात्र कारखान्यातील कमी पगाराचा कामगार बहुधा या वाटेने जातच नाही. त्याला 1948 च्या कायद्याने आलेला राज्य विमा लागू असतो. या विम्याचे उपकार कमी लेखण्याचे कारण नाही. उपचार मोफत, आणि कायम अपंगत्वासाठी तहहयात निवृत्तिवेतन. पंधरा हजारांच्या पगारावर 30 टक्के हानी झाली तर महिन्याला साधारण चार हजार रुपये हातात पडतात. पण विमा घेतला की मालकाकडून भरपाई मागण्याचा दरवाजा बंद. यंत्र सदोष होते, मालकाला ते ठाऊक होते, असे सिद्ध करण्याची तयारी असली तरी दिवाणी दावा चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली केरळमधील एका प्लायवूड कारखान्याच्या प्रकरणात स्पष्ट केले. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे कायदे जाऊन त्यांच्या जागी संहिता आल्या. परंतु सामाजिक सुरक्षा संहितेतही राज्य विमा ज्याला लागू, त्याला मालकाकडील भरपाईचे प्रकरण लागू नाही.

म्हणजे झिजलेल्या क्लचची किंमत विमा महामंडळ भरते, मालक नव्हे. मूळ विमा कायद्यात याला उतारा होता. सुरक्षेचे नियम मोडल्यामुळे इजा झाली, तर दिलेल्या लाभाची रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार कलम 66 ने महामंडळाला दिला होता. 1966 च्या दुरुस्तीने ते कलमच गाळण्यात आले. गंमत अशी की, कारखान्यातील अस्वच्छतेमुळे आजारपण वाढले, तर जादा खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद मात्र टिकली आणि नव्या संहितेतही आली. घाण पाण्याचे पैसे मालकाने द्यावेत आणि तुटक्या गार्डचे देऊ नयेत, यामागचा न्याय समजणे अवघड आहे.

सुरक्षाविषयक संहितेत एक चांगली सोय आहे. कर्तव्यात कसूर होऊन गंभीर इजा झाल्यास होणाऱ्या दंडाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण त्यासाठी आधी खटला भरला गेला पाहिजे, आणि खटल्याला पुरावा लागतो. जखमी माणूस रुग्णालयात असतो तेव्हा यंत्र दुरुस्त होऊन पुन्हा चालू होते. शिवाय याच संहितेने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या दहावरून वीसवर नेली. तीन-चार प्रेस आणि डझनभर माणसे असलेल्या शेडवर कोणाची नजर राहणार?

गाळलेले कलम 66 परत आणणे संसदेच्या हाती आहे. राज्याच्या हाती निदान इतके आहे की, बोट तुटल्याची वर्दी येताच त्या प्रेसला त्याच दिवशी मोहोर लागावी, तपासणी अधिकाऱ्याने क्लच आणि गार्ड यांची नोंद करावी आणि त्या नोंदीची प्रत जखमीच्या घरी पोहोचावी.