गहू हे गवत आहे

गव्हाला फूल येत नाही, मधमाश्या संपल्या की गहूही संपेल, दाण्यातले सारे अन्न मातीतून येते, आजचा गहू प्रयोगशाळेत तयार झाला, खपलीत ग्लूटेन नसते. गव्हाविषयी अशा कितीतरी गोष्टी सांगोवांगी पसरल्या आहेत. आपण गहू ओळखतो तो डब्यातल्या दाण्यावरून किंवा पिठावरून, रोप सहसा नजरेसमोर नसते, आणि मला या सगळ्याचे मूळ तिथेच दिसते. गहू हे ऊस, बांबू आणि हरळी यांच्याच कुळातले, एका हंगामात आयुष्य संपवणारे गवत आहे. एवढे पक्के धरून रोपाकडे पाहिले की यातला एकेक समज तपासता येतो.

आधी वाढ पाहू. दाणा रुजला की पहिली मुळे त्याच्यातूनच निघतात, पण रोपाला पुढे पोसणारी मुकुटमुळे जमिनीलगतच्या पेरांपासून नंतर फुटतात. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांच्या पाण्याला शेतकरी इतके जपतो ते यासाठीच. याच सुमारास बुडाशी फुटवेही येऊ लागतात, त्यामुळे एका दाण्यापासून अनेक ओंब्या मिळू शकतात. वाढीचा कोंब या काळात जमिनीलगत पानांच्या वेढ्यात सुरक्षित असतो. जनावराने वरची पाने खाल्ली तर पीक बुडाले असे वाटते, पण कोवळे रोप बहुधा पुन्हा उभे राहते. पीक कांडी धरू लागले की कोंब वर सरकतो, आणि तेव्हा तो तुटला तर त्या ताटाला ओंबी येत नाही.

फुलाविषयीचा समज होण्याचे कारण उघड आहे: त्याला पाकळ्या नसतात. ओंबी हे एक फूल नसून फुलांचा समूह आहे. मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंना आळीपाळीने कणिशके बसलेली असतात आणि प्रत्येक कणिशकात काही बारीक फुले असतात. एका फुलात तीन पुंकेसर, एक अंडाशय आणि त्यावर पिसासारख्या दोन कुक्षी असतात. भोवती तुसांचे आवरण. फुलोऱ्यात ओंबीवर पिवळसर परागकोश लोंबताना दिसतात, पण तोपर्यंत बहुतेक फुलांचे परागण आतल्या आत उरकलेले असते. कोणी विचारेल, गवतांचे परागण तर वाऱ्याने होते ना? मक्याचे होते. गहू मात्र प्रामुख्याने स्वपरागित आहे. परका पराग शेकड्यात जेमतेम एखाद-दुसऱ्या फुलापर्यंत पोचतो. म्हणून घरचे बियाणे राखले तरी गव्हाचे वाण पुष्कळ वर्षे तसेच राहते, संकरित मक्याचे राहत नाही. मधमाश्यांचे मोल याने कमी होत नाही. सूर्यफूल, कांद्याचे बियाणे, भोपळा-काकडीसारखी वेलवर्गीय पिके त्यांच्यावर अवलंबून आहेत. गहू नाही, एवढेच.

दाणा हेही खरे तर एक फळ आहे. फळाची साल आणि बियांचे आवरण इथे एकमेकांना असे चिकटलेले असते की ते वेगळे करता येत नाही. आपण दाणा पेरतो आणि तो उगवतो, कारण बी त्याच्या आतच असते. दाण्याच्या वजनात कोंडा साधारण १४-१५ टक्के, अंकुर २-३ टक्के आणि उरलेला जवळजवळ सगळा भ्रूणपोष, म्हणजे अंकुरासाठी बांधून दिलेली शिदोरी. वाळलेल्या दाण्यात या भ्रूणपोषाच्या पिठूळ पेशी मेलेल्या असतात, पण अंकुर आणि भ्रूणपोषाला बाहेरून वेढणारा ॲल्यूरोन थर जिवंत असतो. पाणी लागताच अंकुर जिबरेलिन नावाचे संप्रेरक पाठवतो, ॲल्यूरोन थर विकरे सोडतो आणि स्टार्चची साखर होऊ लागते. हा स्टार्च मातीतून आलेला नसतो. त्यातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि फुलोऱ्यानंतर तो पकडण्याचे काम ओंबीखालचे शेवटचे पान, हिरवी ओंबी आणि कुसळेसुद्धा करतात. कुसळे केवळ बोचण्यासाठी नसतात, ती दाणा भरतात. मग खत कशाला, ही शंका रास्त आहे. प्रथिनांना आणि हरितद्रव्याला नत्र लागतो, तो मातीतूनच मिळतो. तो कमी पडला तर पाने पिवळी पडतात आणि हवेतला कार्बन पकडणारी यंत्रणाच दुबळी होते.

सर्वांत चिवट समज उगमाविषयीचा आहे: १९६०च्या दशकात आलेला ठेंगणा गहू म्हणजे जनुके घुसवून केलेला गहू. इथे इतिहासच साक्ष देतो. परकी जनुके घातलेली पहिली रोपे १९८३ साली तयार झाली, म्हणजे तो गहू भारतात रुजल्यानंतर कितीतरी वर्षांनी. ठेंगणेपणा आला तो जपानच्या ‘नोरिन १०’ या वाणातून. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत संकर करून तो आपल्या वाणांत आणला आणि एम. एस. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाण भारतात आणले. ‘नोरिन १०’मधल्या दोन जनुकांत आपोआप बदल झाले होते, त्यामुळे रोप जिबरेलिनला पुरता प्रतिसाद देत नाही आणि ताट आखूड राहते. उंच गहू जास्त खतावर वाढला की लोळतो, ठेंगणा उभा राहतो. या गव्हात जनुके घुसवलेली नाहीत, या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप आहे: ‘शरबती सोनोरा’ हे वाण गॅमा किरणांचा मारा करून मिळवले गेले. ते खरे आहे. पण किरणांनी गव्हाच्याच जनुकांत बदल झाला, दुसऱ्या जीवाचे जनुक त्यात आले नाही. परके जनुक घातलेला गहूही आता आहे. अर्जेंटिनाने २०२० साली सूर्यफुलाचे जनुक असलेल्या ‘एचबी४’ गव्हाला मंजुरी दिली. भारतात अशा गव्हाच्या लागवडीला परवानगी नाही.

जनुकसंचांची मोठी उलथापालथ तर माणसाने हेतुपुरस्सर काही करण्याच्या कितीतरी आधीच झाली होती. दोन रानगवतांचा नैसर्गिक संकर होऊन २८ गुणसूत्रांचा रानटी गहू लाखो वर्षांपूर्वी उपजला. त्याच्या लागवडीतल्या वंशजाचा आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या परिसरात, आणखी एका रानगवताशी संकर झाला आणि आपल्या पोळीचा ४२ गुणसूत्रांचा गहू निर्माण झाला. तीन पूर्वजांचे जनुकसंच सांभाळणाऱ्या या गव्हात सुमारे १,६०० कोटी डीएनए-अक्षरे आहेत, माणसाच्या पाचपट.

महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पिकणारी खपली ही या वंशावळीतली मधली, २८ गुणसूत्रांची पायरी. ती जुनी आहे म्हणून तिच्यात ग्लूटेन नाही, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. ग्लूटेन घडवणारी ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिने भ्रूणपोषात साठवलेली असतात, पाणी घालून मळले की त्यांचे जाळे बनते. कोंडा चाळून ती जात नाहीत, म्हणून मैद्यातही ती असतात. आणि खपलीच्या दाण्यातही अंकुराची ही तरतूद असतेच. ज्यांना ग्लूटेनमुळे बळावणारा सीलिॲक आजार आहे त्यांना खपली, बन्सी, शरबती यांतला कोणताही गहू चालत नाही. त्यांच्यासाठी भात, आणि गव्हाची भेसळ नसलेली ज्वारी, बाजरी व नाचणी आहे.