माशी विसरली, की शिकलीच नव्हती?

वाकोल्यात पावसाळ्यात केळी दोन दिवस बाहेर राहिली की त्यांच्यावर चिलटं जमतात. आमच्या प्रयोगातली ड्रॉसोफिला म्हणजे हीच मंडळी. (आंब्याला लागणारी फळमाशी वेगळी.) एक वास देताना विजेचे झटके द्यायचे, दुसरा वास झटक्यांविना, आणि नंतर दोन्ही वासांमधून निवड करू द्यायची. माश्या पहिला वास टाळतात. क्विन, हॅरिस आणि बेंझर यांनी १९७४ मध्ये हे दाखवलं.

समजा, माश्यांनी वास टाळला नाही. मग त्या विसरल्या असं लिहायचं का? थांबा.

कदाचित त्यांना वासच येत नसेल. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये ओबैद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सत्तरच्या दशकात असे वास नीट न ओळखणारे म्यूटंट शोधले होते. म्हणून न शिकवलेल्या माश्यांना वास कळतो का, हे आधी तपासायचं.

दुसरी अडचण वेळेची. 'डन्स', म्हणजे मठ्ठ, हा म्यूटंट १९७६ मध्ये जाहीर झाला. पुढे लगेच चाचणी घेतल्यावर कळलं की तो थोडं शिकतो, पण ते काही मिनिटांत ओसरतं. बिचाऱ्याचं नाव मात्र तेच राहिलं! मीही सुरुवातीला फक्त २४ तासांनी मोजत होतो. तीन महिने वाया गेले.

आता गंमत बघा. शिकवल्यावर लगेच माश्या बर्फात गार करून निपचित केल्या तर आठवण पुसली जाते. तासा-दोन तासांनी तसंच केलं तर बरीच टिकते. म्हणजे मधल्या वेळात आठवणीचा काही भाग पक्का झालेला असतो.

पण पक्की आठवणही एकाच प्रकारची नसते. टली आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये माश्यांना दहा वेळा शिकवलं. एका गटाला सलग, दुसऱ्याला प्रत्येक वेळी १५ मिनिटं विश्रांती देऊन. दुसऱ्या गटाची आठवण आठवडाभर टिकली, पहिल्याची त्याआधीच विरली. प्रथिनं बनणं रोखणारं सायक्लोहेक्झिमाइड दिल्यावर विश्रांतीवाल्यांची २४ तासांची आठवण घटली, सलगवाल्यांना काही फरक पडला नाही. धडे तेवढेच, झटके तेवढेच, वेगळी होती ती फक्त मधली सुट्टी.

माझ्या तक्त्यात आता तीन रकाने आहेत: लगेच, ३ तास, २४ तास. आणि त्यांच्याआधी चौथा, फक्त नाकाचा.