खानवेलच्या ओटीवरचा इटालियन पाहुणा

दिवाळीनंतरच्या सुट्टीत आम्ही सारे कुटुंबीय बडोद्याहून खानवेलला गेलो होतो. सिल्वासाच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर, साकरतोड नदीच्या काठी हे गाव वसले आहे. १९५४ च्या ऑगस्टपर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. आज कानांवर वारली, कोकणा बोली पडतात आणि मराठी माणसास परकेपणा वाटत नाही.

पहिल्याच संध्याकाळी पुण्याहून आलेल्या पुतण्याने पिशवीतून एक बाटली काढून ओटीवर ठेवली. आमच्या घरात बाटली म्हटली की ती औषधाची किंवा गुलाबपाण्याची! काकांच्या कपाळावर आठी उमटली. पुतण्या नम्रपणे म्हणाला, "काका, द्राक्षे आपल्या अकलूजची आहेत. फक्त वाण इटलीचे."

ते वाण म्हणजे सांजोवेझे. इटलीच्या तोस्काना प्रांतातील प्रसिद्ध कियांती वाइन प्रामुख्याने याच द्राक्षापासून होते. नावाचा अर्थ 'जोव्ह देवाचे रक्त' असा सांगतात. कियांतीच्या मुलखाच्या सीमा १७१६ साली तेथील ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने आखून दिल्या. १८७२ साली बारोन रिकासोली यांनी तिच्या मिश्रणाची रीत लिहून ठेवली. गवताने वेढलेली तिची गोल बुडाची बाटली जुन्या चित्रपटांतून पुष्कळांनी पाहिली असेल.

हे वाण सोलापूर जिल्ह्यात आले, त्याची कथाही कौटुंबिकच आहे. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनी २००७ च्या सुमारास हा उद्योग मांडला आणि त्याला नावही 'फ्रातेल्ली', म्हणजे 'भाऊ', असेच दिले. तोस्कानाचे जाणकार पिएरो मासी त्यांच्या साहाय्यास आले. तोस्कानात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्याअखेरची गोडी छाटणी झाल्यावर घड पिकतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. इटालियन वेलीलाही अखेर आपले पंचांग मानावे लागले, असेच म्हणावयाचे!

आता तिच्या स्वभावाविषयी. आपल्या षड्रसांच्या भाषेत सांगावयाचे तर तिच्यात आम्ल आणि कषाय हे दोन रस प्रबळ असतात. रंग माणकासारखा, पण फार गडद नव्हे. गंध आंबट चेरीचा, किंचित वाळल्या पाल्याचा. पहिल्या घोटाला जीभ आवळते, जशी अर्धकच्च्या जांभळाने आवळावी. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतो. ही वाइन गार झाली की तुरटपणा बोचू लागतो, आणि गरम झाली की मद्यार्काचाच वास पुढे येतो. म्हणून सोळा ते अठरा अंशांचे तापमान तिला मानवते. युरोपातील पुस्तके 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असे सांगतात. पण ती खोली तिकडची! आपल्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवणेच इष्ट.

जेवणाशी तिचे जमते ते याच दोन रसांमुळे. स्निग्ध आणि प्रथिनयुक्त पदार्थांनी तुरटपणा मऊ होतो. म्हणून कांदा-खोबऱ्याच्या बेताच्या तिखट वाटणातील मटण, चुलीवर भाजलेली कोंबडी, शेंगदाण्याच्या कुटातील भरली वांगी तिला शोभतात. टोमॅटोचा आंबटपणा तिच्या आम्लतेशी बरोबरी करतो. लसणाची फोडणी दिलेले टोमॅटोचे सार म्हणूनच तिला परके नाही. पावसाळ्यात अळंबी मिळाली तर उत्तमच. मात्र झणझणीत तांबड्या रश्शाशी तिचे भांडण होते, कारण मद्यार्काने मिरचीचा दाह वाढतो. सुकट-बोंबलाबरोबर तोंडात धातूसारखी चव येते. आणि श्रीखंडानंतर घोट घ्याल तर ती निव्वळ आंबट लागेल.

त्या रात्री नागलीची भाकरी आणि मटण होते. शेतावर काम पाहणारे वारली आजोबाही पंगतीस होते. त्यांनी पेला हुंगला, एक घोट घेतला आणि ताडीची गोष्ट सांगितली. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. हवेतील किण्वाने तो आपोआप आंबतो, आणि दुपारपर्यंत तीच ताडी आंबट व कडक होते. ते बोलत होते तेव्हा आमच्या मनात एक अवघड विचार आला. यांच्या मडक्याला आपण आजवर व्यसन म्हणत आलो आणि आपल्या काचेच्या पेल्याला रसिकता म्हणू लागलो आहोत. आंबण्याची क्रिया तर दोन्हीकडे एकच! आदिवासीच्या पेयाला नाक मुरडणाऱ्याने आपला पेला उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हे बरे.

काकांनी पेल्याला हात लावला नाही. "गंध पाहिला, पुरे झाले," एवढेच ते म्हणाले. कोणी त्यांना आग्रह केला नाही, आणि त्यांनीही कोणास बोल लावला नाही. आमच्या मते या संध्याकाळचे खरे सौजन्य तेच होते. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा न घेणाऱ्याला कारण विचारू नये. घेणाऱ्याने मात्र आपली मर्यादा स्वतःलाच विचारावी.

निघताना अर्धी बाटली उरली होती. गुजरातेत दारूबंदी आहे. परवान्यावाचून ती बाटली सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा ठरला असता. पुतण्याने ती पुन्हा बुचाने बंद करून पुण्याकडे निघणाऱ्या आपल्या पिशवीत ठेवू म्हटले, तोच काकू पुढे झाल्या. त्यांनी ती सकाळच्या उरल्या मटणात ओतली आणि मंद आचेवर रस्सा आटवला. तोस्कानातील गृहिणीही असेच करतात, हे त्यांना ठाऊक नव्हते.

आम्ही बडोद्यास परतलो ते नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन. नाक्यावर तिला कोणी हरकत घेतली नाही.