आजीची पाऊणकी आणि अलिबागची ओहोटी

पहिल्या खेपेला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो ते भर दुपारी बारा वाजता. कुलाबा किल्ला समोर, आणि मध्ये छातीभर पाणी. मुलाच्या बगलेत फुटबॉल, मुलीच्या हातात चित्रांची वही, माझ्या आईच्या डोक्यावर छत्री. घोडागाडीवाले काका घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधत होते. त्यांनी विचारलं, ''आज तिथी काय?'' आम्हा चौघांत तिथी कुणालाच ठाऊक नव्हती. ''पुनव आहे, भाऊ. पाणी आता उतरायचं ते संध्याकाळी.''

त्या दिवशी किल्ला लांबूनच पाहिला. दुसऱ्या खेपेला मात्र हॉटेल ठरवण्याआधी कालनिर्णय उघडलं. किल्ले, फुटबॉल आणि मातीकाम अशी तिघांची तीन वेडं दोन दिवसांत बसवायची, तर रायगडच्या किनाऱ्यावर वेळापत्रक समुद्राकडून घ्यावं लागतं. ते कसं घ्यायचं, ते इथे मांडतो.

पाऊणकीचं गणित

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सव्वा सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वा अकरा. आम्ही बाराला पोचलो होतो, तेव्हा पाणी छातीभर असणारच होतं.

माझ्या आईला पाऊणकी अजून तोंडपाठ आहे. तिच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून घेत. हा पाढा आयुष्यात प्रथमच कामाला आला, असं ती म्हणाली आणि उरलेल्या सहलीत वेळेच्या बाबतीत तिचाच शब्द चालला.

यात एक मेख आहे. अष्टमीची दुपारची ओहोटी सोयीची वाटते, पण ते दिवस भांगाचे. चंद्र-सूर्याची ओढ तेव्हा एका रेषेत नसते, त्यामुळे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किल्ल्याची वाट पुरती उघडी पडेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी दूरवर हटतं, पण तेव्हाची ओहोटी पहाटे किंवा दिवेलागणीला. मधला मार्ग तृतीया, चतुर्थी, पंचमी. उधाणाचा जोर अजून उतरलेला नसतो आणि ओहोटी सकाळी उजेडी मिळते. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो, म्हणून छापील भरतीचं कोष्टक किंवा मोबाईलवरची वेळ पडताळून घ्यावीच. आणि किनाऱ्यावरचा माणूस ''नको'' म्हणाला, तर पाढा आणि मोबाईल दोन्ही खिशात ठेवावेत.

आम्ही शनिवारी तृतीया आणि रविवारी चतुर्थी असा जोड धरला.

जाता जाता नेरुळ आणि पेण

मुंबईहून पनवेलच्या रस्त्याने निघालात, तर नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम लागतं. फुटबॉलवेड्या मुलाला ते दाखवावं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना इथे झाला. २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथलाच. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. आमच्या गाडीत यावरून पनवेलपर्यंत वाद चालला होता, की नेरुळचं मैदान स्पेनलाच का धार्जिणं.

पेण म्हणजे गणपती. शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घराघरांत कारखाने आहेत. इथे 'कारखाना' म्हणजे पडवीत, माळ्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर मांडलेले शेकडो बिनरंगी गणपती. श्रावणात या लोकांना मान वर करायला सवड नसते; तेव्हा शिकवा म्हणून जाणं बरं नव्हे. दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू होतं पण घाई नसते. आधी विचारून गेलात तर बरेच जण दोन तास बसवून घेतात, आणि त्याचे पैसे न मागता द्यावेत.

मुलीला शाडूचा गोळा मिळाला. तिने लगेच सोंड वळायला घेतली. कारागीर बाई हसून म्हणाल्या, ''तोंड मागाहून गं. आधी बैठक.'' बैठक म्हणजे खालचा पाट आणि त्यावर मांडी. ती जड आणि सपाट झाली की पोट, मग हात, मग डोकं. कारखान्यात रोजच्या कामाला साचा असतो. साच्याच्या दोन्ही बाजूंत माती दाबायची, सांधा जुळवायचा आणि ओल्या बोटाने शिवण पुसून टाकायची. हाताने वळताना ही शिवण नसते, पण जोड असतात, आणि जोडातच मूर्ती दगा देते. मुलीने सोंड तीनदा लावली, तीनदा ती पोटावर पडली. मग बाईंनी शाडू पाण्यात कालवून ताकासारखी केली, दोन्ही तोंडांवर काडीने ओरखडे काढले, ते पातळ मिश्रण लावलं आणि सोंड दाबून धरायला सांगितली. शंभर आकडे मोजेपर्यंत. सोंड राहिली.

शाडूची मूर्ती उन्हात वाळवायची नाही. वरचा थर आधी आवळतो, आत ओल राहते आणि तडा जातो. म्हणून सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवतात. शेवटचं आणि सर्वांत मोलाचं काम आखणीचं, म्हणजे डोळ्यांचं. पेणच्या मूर्तीचं नाव झालं ते या रेखीव डोळ्यांमुळेच, असं माझं मत. कारखान्यात सगळे रंग कुणीही लावतं, पण आखणीचा ब्रश ठरलेल्या हातातच जातो. तिथे उभं राहिलं तर बोलू नये. आखणी करणारा श्वास धरून रेघ ओढतो.

शाडू गुजरातहून येते. जड, ठिसूळ, वाळायला सावकाश. प्लास्टर हलकं आणि झटपट, म्हणून मोठ्या मूर्तींत त्याने पाय रोवले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या नियमावलीत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पेणमध्ये या विषयावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारी माणसं भेटतात. पाहुण्याने ऐकून घ्यावं. ज्याचं वर्षभराचं पोट एका सणावर आहे, त्याला पर्यावरणाचे धडे चहा पिता पिता देऊ नयेत.

ओली मूर्ती घेऊन पुढे जाऊ नका. ती तिथेच फळीवर ठेवा आणि परतताना घ्या. पेण येण्या-जाण्याच्या दोन्ही वाटांवर लागतं, हा या सहलीचा मोठा फायदा.

पोयनाडजवळचं चरी

वडखळवरून अलिबागकडे वळलं की वाटेत पोयनाड, आणि जवळच चरी. किल्ल्यांच्या यादीत हे गाव कुणी घालत नाही, पण घालावं. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे होते. कुळकायद्याच्या मुळाशी हा संप आहे. ''सहा वर्षं खाल्लं काय?'' हा मुलाचा प्रश्न बरोबर होता. लाकूडफाटा विकून आणि मोलमजुरी करून दिवस काढले लोकांनी.

वाळूवरचा फुटबॉल

तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास. म्हणजे साडेपाचला पाणी अर्धंअधिक उतरलेलं, आणि ओली, घट्ट, काळसर वाळू उघडी. अलिबाग, वरसोली, आक्षी इथली वाळू अशी आहे की चेंडू थोडा का होईना, उसळी घेतो. काशीदची पांढरी वाळू फोटोत सुंदर, पण पाय रुततो आणि तिथलं पाणी दगाबाज आहे. खेळायला मी तिथे थांबणार नाही.

वाळूवरच्या फुटबॉलचे रीतसर नियम आहेत. एका संघात पाच खेळाडू, पायांत बूट नाहीत, बारा-बारा मिनिटांचे तीन डाव, मैदान ३५ ते ३७ मीटर लांब आणि २६ ते २८ मीटर रुंद. बरोबरी चालत नाही, निकाल लावावाच लागतो. आपल्याकडची पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा २०२३ मध्ये सुरतेला झाली आणि केरळने ती जिंकली. कोकणाला एवढा किनारा असून आपण यात कुठे आहोत, असा प्रश्न पडतो खरा.

घरच्या सामन्याला याच्या निम्मं मैदान पुरे. चपलांचे खांब करा. मैदान किनाऱ्याला समांतर आखा, आडवं नको. नाहीतर एक गोल समुद्राच्या तोंडात जातो. चेंडूतली हवा थोडी कमी करा, अनवाणी पायाला बरं पडतं. खेळण्याआधी सगळ्यांनी ओळीने एक फेरी मारून शिंपल्यांचे तुकडे, काचा, जाळ्याचे दोरे उचलावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पाणी उतरत असताना लाटेत गेलेला चेंडू आत ओढला जातो. त्याच्यामागे मुलाने धावायचं नाही. आमचा नियम असा, की चेंडू पाण्यात गेला तर तो समुद्राचा गोल. मोठ्याने गुडघाभर पाण्यापर्यंत जाऊन मिळाला तर मिळाला. आमचा एक चेंडू त्या संध्याकाळी खांदेरीच्या दिशेने गेला. बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे, तेव्हा चेंडू आरमारात भरती झाला, अशी मुलाची समजूत घातली. दुसरा चेंडू जवळ ठेवावा.

सकाळी कुलाबा

चतुर्थीची ओहोटी नऊच्या सुमारास. ती पुरी होण्याआधी तासभर निघावं आणि पुरी झाल्यावर तासाभरात परतीची वाट धरावी. पायात पट्ट्याच्या चपला, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. आईला घोडागाडी.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाजवळ जाऊन दगडांच्या सांध्यात बोट घालून पाहा. चुना नाही. मोठमोठे चिरे नुसते एकमेकांवर बसवलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर आत विरतो आणि भिंत धक्का झेलते. चुना असता तर समुद्राने तो केव्हाच धुऊन नेला असता. ''बैठक!'' मुलगी तळाच्या सर्वांत मोठ्या दगडावर थाप मारून म्हणाली.

पुढे हा किल्ला कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं घर झाला. १७२१ मध्ये मुंबईचे इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन त्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा दिसतात आणि प्रत्येक मूल त्यांवर बसून कान्होजी होतं. पण त्या तोफा इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला १८४९ मध्ये ओतलेल्या आहेत. तोवर आंग्र्यांचं राज्य खालसा झालं होतं. मुलांना खरं सांगावं, खेळ थांबत नाही.

आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे आणि सिद्धिविनायकाचं मंदिर, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. इथे माघी गणेशोत्सव होतो. माघ शुद्ध चतुर्थी, म्हणजे पाऊणकीने ओहोटी सकाळी नऊला! हे आईच्याच ध्यानात आलं. देवळाच्या पायरीवर बसून तिने ते दोनदा मोजून पाहिलं.

आक्षी, रेवदंडा, कोर्लई

अलिबागहून दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर आक्षी. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो, आणि मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून अनेक अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. पाहायला पाच मिनिटं लागतात. मुलीने वहीत त्यातली अक्षरं उतरवून घेतली. एकही वाचता आलं नाही, तरी ती आपली भाषा आहे याचं तिला नवल वाटलं.

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट उन्हं चढायच्या आत पाहावा. खाडीपलीकडे कोर्लई. पोर्तुगीज इथून १७४० मध्ये गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घरात बोलतात. बोलणारे हजाराच्या आसपास. मुरूडचा जंजिरा याच सहलीत कोंबू नका. राजपुरीहून शिडाची होडी धरून जायचं, त्याला स्वतंत्र दिवस हवा.

कधी जावं, काय आणावं

जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, आणि किल्ल्याच्या वाटेचं तर नावच काढू नये. फेब्रुवारीत अलिबागचा पांढरा कांदा निघू लागतो. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांकडे बायका कांद्याच्या पाती एकीत एक गुंफून वेण्या घालतात. हेही हस्तकामच. मुलीने एक वेणी घालून पाहिली, मावशींनी ती उसवून पुन्हा घातली आणि वर चार कांदे जादा दिले.

संध्याकाळी पेणला मूर्ती घेतली. बोटाने दाबली तर खळगा पडत नव्हता, पण रंगायला अजून आठ दिवस, असं बाईंनी बजावलं. रद्दी भरलेल्या खोक्यात बसवून ती आईच्या मांडीवर दिली. डिकीत ओला चेंडू आणि कांद्याची वेणी. पुढच्या गतिरोधकावर सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. सोंड जागेवर होती.