यंत्राची तपासणी
मुलांनो, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत जमिनीखालीही कोळशाच्या खाणी आहेत. अशा खाणींत कोळसा भरणारी यंत्रे विजेवर चालतात. यंत्र पुढे जाते, तशी त्याची केबलही मागून ओढली जाते. केबल फाटली तर ठिणगी उडते. हवेत मिथेन वायू 5 ते 15 टक्के असेल, तर एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो.

म्हणून बिघाडाची वाट पाहायची नसते. प्रत्येक पाळीत ब्रेक, केबल आणि विजेच्या पेटीचे बोल्ट तपासावे लागतात. यंत्र किती तास चालले, हे वहीत लिहितात. ठरलेले तास भरले, की यंत्र थांबवून तेल व झिजलेले भाग बदलतात. त्यासाठी नवे भाग आधीच आणून ठेवावे लागतात.

तपासणीसाठी थांबलेले यंत्र पाहून वेळ वाया गेला, असे समजू नका. त्या वेळेतच खाणकामगारांचे प्राण सुरक्षित होतात.