संयुक्त वेदनाशामके आणि पॅरासिटामॉलची मर्यादा

अमेरिकेत तीव्र वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या संयुक्त गोळ्यांची तुलना करताना त्यांतील हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल या ओपिऑइडांची, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूवर मॉर्फिनप्रमाणे काम करणाऱ्या औषधांची, ताकद तेवढी पाहिली जाते. परंतु अशा बहुतेक गोळ्यांत जोडीला पॅरासिटामॉल असते, आणि दिवसाला किती गोळ्या घेता येतील हे पुष्कळदा तेच ठरवते.

पॅरासिटामॉल वेगळ्या मार्गाने वेदना शमवत असल्याने ओपिऑइड कमी मात्रेत पुरावे, हा या जोडीमागचा विचार आहे. मात्र ओपिऑइड शरीराच्या अंगवळणी पडून तेवढ्याच आरामासाठी अधिक मात्रा लागू लागली आणि रुग्णाने गोळ्या वाढवल्या, की पॅरासिटामॉलही नकळत वाढत जाते. निरोगी प्रौढासाठी त्याची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम मानली जाते. मात्रा फार वाढल्यास यकृतात तयार होणारे विषारी द्रव्य निष्प्रभ करणारे ग्लुटाथिओन संपत जाते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी लक्षणे फारशी जाणवत नाहीत, हे यातील सर्वांत घातक आहे. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये अशा प्रत्येक गोळीतील पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित करण्यास उत्पादकांना सांगितले.

ओपिऑइडांमध्येही मोठा फरक आहे. पोटात घेतलेले ऑक्सिकोडोन मॉर्फिनच्या सुमारे दीडपट प्रभावी, तर हायड्रोकोडोन जवळपास मॉर्फिनच्या बरोबरीचे मानले जाते. कोडीनचे यकृतात मॉर्फिन व्हावे लागते, आणि हे रूपांतर घडवणारे विकर काहींमध्ये जन्मतः मंद, तर काहींमध्ये अतिवेगवान असल्याने तीच गोळी एकाला निरुपयोगी आणि दुसऱ्याचा श्वास मंदावणारी ठरू शकते. बारा वर्षांखालील मुलांना वेदनेसाठी कोडीन व ट्रॅमाडॉल देऊ नये, असे त्या प्रशासनाने २०१७ मध्ये बजावले ते यामुळेच. भारतात परिचित असलेल्या ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल गोळीबाबत आणखी एक सावधगिरी हवी: ट्रॅमाडॉलमुळे झटके येऊ शकतात, आणि नैराश्यावरील काही औषधांसोबत त्याचा धोका वाढतो.

हात-पाय दुखावून न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागांत आलेल्या ४१६ रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल आणि तीन ओपिऑइड जोड्या यांच्या एका मात्रेनंतर दोन तासांनी आरामात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष अधिक डॉक्टरांपर्यंत आणि रुग्णांपर्यंत पोहोचायला हवा. कर्करोगाच्या दीर्घ, तीव्र वेदनेत मात्र स्वतंत्र मॉर्फिनच अधिक सोयीचे ठरते, कारण त्याची मात्रा गरजेनुसार वाढवताना पॅरासिटामॉलची मर्यादा आड येत नाही.