गावाचा हिशोब मोबाइलवर उघडा आहे, वाचा!

ग्रामपंचायतीला निधी किती आला आणि तो कुठे खर्च झाला, हे पाहायला आता ग्रामसेवकाची वाट बघावी लागत नाही. 'ई-ग्रामस्वराज' हे केंद्राचं पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका निवडत गेलात की गावाचा विकास आराखडा समोर येतो. लॉगिनची भानगड नाही.

वाचताना एक लक्षात ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा बंधित ठेवला, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. आराखड्यात 'गटार दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं दिसलं तर विचारा: कुठल्या आळीतलं गटार? कुठून कुठपर्यंत? इतकी मोघम नोंद असेल तर काम तपासणार तरी कसं?

नुसत्या आकड्यांनी मात्र काही हलत नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचली. कोण कामावर गेलंच नव्हतं, कुठलं काम कागदावरच राहिलं, हे गावकऱ्यांनीच सांगितलं. माहिती अधिकाराच्या मागणीला बळ मिळालं ते तिथून. अशा संघटनांचं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं.

आपल्याकडे बचत गट आहेत, तरुण मंडळं आहेत, वाचनालयं आहेत. आराखड्याची प्रिंट काढा, ग्रामसभेआधीच्या महिला सभेत वाचा आणि प्रश्न लेखी द्या. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास असते.